प्रौढपणीचा व्यायाम

व्यायामाचा विषय निघाला की आपणां वऱ्हाडकरांची मान ताठ होते, व ते योग्यच आहे. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी तेथील मंडळींनी देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. परंतु वाशीम, कारंजा वा रिसोड येथील चाळिशी उलटलेल्या गृहस्थास 'आपण व्यायाम करता काय?' असे विचारावे, तर बहुधा उत्तर येते, 'पूर्वी करीत असे!' या भूतकाळातच सारा घोटाळा आहे.

तालमीत मिळविलेले बळ ही काही पेढीवरची ठेव नव्हे, की तिच्या व्याजावर पुढे जन्म काढावा. तिशीनंतर स्नायू हळूहळू क्षीण होऊ लागतात. न वापरल्यास अधिकच लवकर. हे प्रथम ध्यानात येत नाही. एके दिवशी पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, तेव्हा उमगते. घरकाम आहे म्हणून स्त्रियांस व्यायाम नको, ही समजूतही अपुरी होय. ओट्याशी तासन्‌तास उभे राहिल्याने पाय दुखतात. दम वाढत नाही.

मग किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम, व दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे; चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आपल्याकडील उन्हाळा ध्यानात घेता ही वेळ पहाटेचीच असावी. जोडीला सूर्यनमस्कार आहेतच. त्यांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले व १९५१ साली निवर्तले; उतारवयातही त्यांनी नमस्कार सोडले नाहीत.

आरंभी तीन-चार नमस्कार पुरेत. संख्या सावकाश वाढवावी. रक्तदाब, हृदयविकार वा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत मिळवावी.

प्रौढाने कोणास कुस्तीत जिंकावयाचे नाही. उतारवयात आपला तांब्या आपण भरता यावा, एवढ्याचसाठी हा खटाटोप. आणि त्याचा आरंभ उद्याच्या पहाटेसच करावयास हवा.