फळीवरचा दिवस

पहाटे 4

मे महिन्यात आमच्या धानोरा तालुक्यात उजाडायची वाट कोणी पाहत नाही. आई, आत्या आणि मी तेंदूची पानं तोडायला बॅटरी घेऊन निघतो, शेजारची चार घरं सोबत असतात. वाघ आणि अस्वलांमुळे एकट्यादुकट्याने जंगलात शिरायचं नाही, हे मोहफुलं वेचायच्या दिवसांपासूनच ठरलेलं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना मी गोंडवाना विद्यापीठाच्या प्रावीण्य यादीत आले. तेंदूचा हंगाम लागला तसं ग्रामसभेने मला फळीवर, म्हणजे पानांचे पुडे मोजून घ्यायच्या जागी, मुंशी नेमलं. मला दोन्हींचा सारखाच अभिमान आहे.

5 ते 9

पान हातात आलं की कळतं. फार कोवळं असेल तर सुकताना आक्रसतं, फार जून असेल तर विडी वळताना तडकतं. आत्या बोलता बोलता दोन्ही हातांनी तोडते, मी अजूनही बघून तोडते.

पदवीच्या प्रथम वर्षाला तेंदूचं हेच झाड डायोस्पायरोस मेलॅनोझायलॉन म्हणून समोर आलं. घरात गोंडी, आश्रमशाळेत मराठी आणि कॉलेजात सगळी पुस्तकं इंग्रजीत. वसतिगृहात रात्री शब्दकोश घेऊन बसायचे. एका पानाला तास लागायचा. झाडं ओळखण्यात मात्र मला अडचण आली नाही. येन, धावडा, मोवई, चार, बिबा, सगळं घरचंच होतं. पण मॅडमनी विचारलं, ‘आग लागून गेली तरी तेंदू जमिनीतून पुन्हा कसा फुटतो?’ तेव्हा मी गप्प बसले. लहानपणापासून मी ते पाहत आले होते, का होतं हे कधी विचारलं नव्हतं. वरची फांदी जळली तरी मुळं जिवंत राहतात आणि त्यांच्यावरच्या कळ्यांतून नवे धुमारे येतात, हे मी त्या आठवड्यात वाचलं. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं असं मी मानते.

सहलीला आम्ही आलापल्लीच्या जंगलातल्या राखून ठेवलेल्या 6 हेक्टरांच्या तुकड्यात गेलो होतो. तिथल्या सागाच्या बुंध्याला हात लावून वर पाहताना मनात आलं, आपल्या गावचं रान कधी असं असेल का?

10 ते 1

ओट्यावर पुडे बांधायचे. 70 पानांचा एक पुडा, म्हणजे शंभर पुड्यांना 7,000 पानं. घरातली सगळी माणसं बसतात, आजीसुद्धा. शाळा उघडायच्या आधी हातात येणारी रोख रक्कम हीच. माझ्या पदवीच्या प्रवेशाची फीही तेंदूच्याच पैशातून भरली होती. म्हणून तेंदू तोडणं बंद करा, असं कोणी शहरातून येऊन सहज म्हणालं की मला त्रास होतो.

दुपारी 2

उन्हात बाहेर पाय ठेवता येत नाही. मी नेट परीक्षेचा अभ्यास करते. संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतील आणि पीएच.डी.चे दिवस घरावर भार न टाकता काढता येतील. परीक्षेला नागपूरला जावं लागेल. विद्यापीठ 27 सप्टेंबर 2011 ला गडचिरोलीत आलं, त्याआधी इथल्या मुलांना निकालातल्या चुकीसाठीही नागपूरच गाठावं लागायचं. ज्यांनी त्या काळात शिक्षण अर्ध्यावर सोडलं, त्यांच्यात माझी मावशी आहे. तिच्या वह्या मी वापरल्या.

5 ते 8

फळीवर रांग लागते. पुडा हातात घ्यायचा, सैल किंवा कमी पानांचा वाटला तर सोडून मोजायचा, नाव लिहायचं. मग पुडे ओळीने उन्हासाठी मांडायचे, आधीचे उलटवायचे. एका आजीचा पुडा कमी भरला. मी थांबले तर ती म्हणाली, ‘मोज वं बाई, लाजू नोको.’ मी मोजला, तिने घरून आणलेली पानं घालून पुरा केला. पूर्वी हा हिशेब ठेकेदाराच्या माणसाच्या हातात असायचा. आता पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे लिलाव ग्रामसभा करते, वही गावाची असते. याची वाट आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवली. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूचा वाहतूक परवाना गावाच्याच हाती आला.

रात्री 8.30

आज ग्रामसभेत मला बोलायचं होतं. चांगल्या पानासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटतात. काही जण छाटणीची मेहनत टाळून आग लावतात. माझ्या लघुप्रबंधात मी दोन्ही प्रकारच्या जागी चौकटी आखून रोपं मोजली होती. जळलेल्या जागी तेंदूचे धुमारे भरपूर होते. मोहाची, चाराची रोपं शोधावी लागत होती. एका हंगामाच्या नोंदींवर ठाम बोलता येत नाही. म्हणून मला हेच काम पीएच.डी.साठी अनेक वर्षं करायचं आहे, आणि आमच्याच जंगलात.

मी पाचगावचं उदाहरण दिलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 मध्ये जंगलाचा हक्क मिळाला. छाटणी आणि आगीने जंगलाचं नुकसान होतं म्हणून त्यांनी तेंदू तोडणंच थांबवलं, बांबूवर भर दिला. झाडांवर तेंदूची फळं पुन्हा धरू लागली. पण आमच्याकडे तेवढा बांबू नाही, हे मीच आधी सांगितलं. मला तोड बंद करायची नव्हती. नाल्यापलीकडचे तीन तुकडे हवे होते. एकात फक्त छाटणी, एकात छाटणीही नाही आणि आगही नाही, तिसऱ्यात आज चालतं तसं.

आत्याने विचारलं, ‘न छाटलेल्या तुकड्यातली पानं कमी आली तर त्या घरांचं काय?’ बरोबर प्रश्न होता. तास गेला. शेवटी ठरलं की तो तुकडा कोणा एका घराच्या वाट्याचा धरायचा नाही, तूट सगळ्या गावाने वाटून घ्यायची. ठराव वहीत लिहिला, सह्या-अंगठे झाले. सीमा आखायला पावसाळ्याआधी जायचं आहे, आणि दोरी धरायला आत्या स्वतः येणार आहे.