चार मुलं गेली, बाईही गेल्या

पहिल्यांदा मत द्यायला गेलात तेव्हा केंद्र कुठे होतं? बहुतेक जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत. शाई लावलेल्या बोटाचा सेल्फीही काढला असेल. पण त्या वर्गात एरवी किती मुलं बसतात, हा प्रश्न पडला का?

तालुक्याच्या गावात हल्ली सर्रास ऐकू येतं, 'तिथे आता कोण जातं!' पट कमी म्हणजे शाळा वाईट, असं आपण धरूनच चालतो. पण जरा हिशेब करून बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या पटावर ठरवतो. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन.

समजा, एका शाळेत ६४ मुलं आहेत. त्यातली चार इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसली. पट उरला ६०. संचमान्यतेत तिसरं पद गेलं, एक बाई 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या शाळेवर गेल्या. आता वर्ग पाच, शिक्षक दोन. त्यातही एका सरांच्या मागे पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. गेली चार मुलं, फटका बसला ६० जणांना. मग पुढच्या जूनमध्ये आणखी काही पालक दाखला मागायला येतात. ज्यांना फी परवडत नाही, त्यांची मुलं तिथेच राहतात.

म्हणूनच 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत शिक्षक घरोघरी फिरतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. प्रत्येक शाळेला डिसले सर मिळणार नाहीत, पण पट टिकला तर तिसरा शिक्षक नक्की टिकतो.

यात तुमचं काय काम? घरात भाचीच्या, पुतण्याच्या ॲडमिशनचा विषय निघाला की कॉलेजात जाणाऱ्या तुमचं मत विचारलं जातंच. तेव्हा गल्लीतली दोन्ही शाळांमधली तिसरीची मुलं बोलवा. दुसरीचा धडा वाचता येतो का? हातच्याची वजाबाकी जमते का? 'असर'च्या सर्वेक्षणातही हेच तपासतात. उत्तर काय येईल ते येवो, ते घरच्यांना सांगा. टाय कुठल्या शाळेचा छान, हे नंतर बघू.