दहाव्या पाळीचा सौदा

अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव होत नाही. कॉलेजातून येणारी पोरं संघ पाळीपाळीने निवडतात आणि पहिला मान मागच्या हंगामात तळाला राहिलेल्याचा. पद्धत मोठी न्याय्य!

पाळ्यांची देवाणघेवाणही चालते. 2017 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सची पाळी 27वी होती. चेंडू फेकून चाल रचणारा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ संघात भक्कम होता. तरीही ती पाळी, तिसऱ्या फेरीतली एक आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी बफेलोला देऊन त्यांनी दहावी मिळवली आणि पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकलाच उचललं. वर्षभर तो बहुतेक बाकावरच बसून शिकला. गरज उद्याची होती, आजची नव्हे.

ऑक्टोबर 2018. आता चाल माहोम्सच्या हाती होती. डेन्व्हरचा बचावपटू अंगावर आलेला; त्याने चेंडू चक्क डाव्या हाताने फेकला. चाल जिवंत राहिली.

फेब्रुवारी 2020 मध्ये चीफ्सनी 50 वर्षांनी सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, जिंकला.