दहा गुंठ्यांची अट : युरोपचे छोटे इतिहास आणि पाटोद्याचा वाचक

इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड यांसारख्या राष्ट्राचा शेकडो वर्षांचा इतिहास दोन-अडीचशे पानांत सामान्य वाचकासाठी सांगणाऱ्या पुस्तकाला लोकप्रिय लघुइतिहास म्हणता येईल. अशा पुस्तकांबद्दलचा अभिप्राय बहुधा दोन टोकांचा असतो. ज्याला कथानक हवे असते तो पुस्तक रंजक आहे की रटाळ एवढेच पाहतो, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी सनावळी आणि मुद्दे नीट मिळतात का ते तपासतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून जगाचा इतिहास सामान्य अध्ययनात आल्यामुळे हा दुसरा वाचक तालुक्याच्या गावीही भेटतो. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, परंतु लेखकाने काय गाळले आणि ते गाळल्यामुळे घटनांची कारणे बदलली का, हा प्रश्न त्यांत सुटून जातो, आणि थोड्या पानांच्या इतिहासाचा खरा कस तिथेच लागतो.

मराठी वाचकाने हे इतिहास आरंभापासून आपल्या गरजेनुसार वाचले. वि. दा. सावरकरांचा इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याच्या लेखनाचा अनुवाद 1907 मध्ये निघाला आणि सरकारने तो जप्त केला, न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ 1909 मध्ये आला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि आयरिश स्वराज्याचा प्रश्न अजून लोंबकळत होता. 1916 चे डब्लिनमधील बंड आणि 1921 ची फाळणी त्या पुस्तकात असणे शक्यच नव्हते. म्हणून असा इतिहास हाती घेताना तो कोणत्या साली लिहिला गेला हे आधी पाहावे, कारण त्या सालचा शेवट लेखकाला शेवट वाटलेला असतो.

राष्ट्राची सीमा हीच पुस्तकाची सीमा मानण्याची सवय ही दुसरी अडचण. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात खर्डा आहे. मार्च 1795 मध्ये तेथे मराठ्यांशी लढलेल्या निजामाच्या सैन्यात रेमाँ या फ्रेंच सेनानीने कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या, आणि 1798 मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने निजामाशी तैनाती फौजेचा करार करून, म्हणजे इंग्रजी सैन्य निजामाच्या खर्चाने त्याच्याच राज्यात ठेवून, त्या फ्रेंच पलटणी मोडून टाकल्या. फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध बालाघाटाच्या पायथ्याशी असे पोहोचले होते. छोट्या पुस्तकाने खर्ड्याचे नाव घ्यावे असा आग्रह धरता येत नाही. मात्र फ्रान्सचा पराभव युरोपातच झाला असे चित्र त्याने उभे केले, तर ते चित्र चुकीचे आहे.

आयर्लंडच्या दुष्काळाच्या प्रकरणावर मात्र बीड जिल्ह्यातील वाचकाचा अधिकार मोठा आहे. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरीब कुळांचे एकमेव अन्न कुजले. 1841 च्या शिरगणतीत सुमारे 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. धान्य परदेशी जात असताना लोक उपाशी मेले, हे वाक्य अनेक पुस्तकांत येते आणि ते खरेही आहे, पण अपुरे आहे, कारण 1847 मध्ये बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्यापेक्षा जास्त होते. बाजारात मका आल्यावरही माणसे का मेली, याचे उत्तर मजुरीत आणि मदतीच्या अटींत शोधावे लागते. 1846-47 च्या हिवाळ्यात सरकारने रस्त्यांची कामे काढली, मार्च 1847 मध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक लोक होते, आणि अंगात त्राण नसलेल्यांना कामाच्या मापावर मिळणारी मजुरी चढ्या भावापुढे पुरत नव्हती. नंतर काही महिने सूपगृहे चालवून दररोज सुमारे तीस लाख लोकांना अन्न दिले गेले, ती यशस्वी होत असतानाच बंद झाली, आणि पाव एकरापेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन कसणाऱ्याने ती सोडल्याखेरीज मदत मिळणार नाही असा कायदा आला.

1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आणि सुकडीवर मुले जगवलेल्या घरांतील वाचकाला दहा गुंठ्यांची ही अट समजावून द्यावी लागत नाही. जमीन गेली की पाऊस पडल्यावरही घर उभे राहत नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्या लघुइतिहासात करपा आणि मृतांचा आकडा आहे पण ही अट, ती मजुरी आणि बंद झालेली सूपगृहे नाहीत, त्याने माणसांचे निर्णय निसर्गाच्या नावावर टाकले आहेत. तो कितीही वाचनीय असला तरी या वाचकाने त्याला अपुरा म्हणावे, आणि ते ठामपणे म्हणावे.

आयर्लंडमधील या मदतकार्याची सूत्रे लंडनच्या कोषागारातून हलवणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यान तरुणपणी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होता आणि 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून परतला. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून ब्रिटिश प्रांतांत दुष्काळ संहिता तयार झाल्या, ज्यांत सरकारी कामावर मजुरी हा मदतीचा मुख्य मार्ग ठरला. पाटोदा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्या संहितांच्या कक्षेबाहेर होते. पण 1972 ची दुष्काळी कामे आणि 1977 चा रोजगार हमी कायदा यांच्यामागे हीच परंपरा आहे, फक्त कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क तिच्यात नव्याने आणला.