परळची तपासणी आणि पालकातले आम्ल

गरोदर बाईच्या फाइलमध्ये अगदी सुरुवातीला लिहिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी आता घरोघरी ठाऊक आहे. तिच्या शोधाची पहिली पावले मुंबईत पडली, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. जीवनसत्त्वांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे दोन कथा ठरलेल्या : खलाशांचा स्कर्व्ही आणि जावा बेटावरच्या कोंबड्यांचा बेरीबेरी. त्या रंजक आहेतच. पण मला जुने वैद्यकीय अंक वाचण्याचा नाद आहे (वैद्यकाची पदवी नाही), आणि त्या वाचनात परळची हकीकत मला या दोहोंहून मोलाची वाटत आली आहे.

१९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. बाळंतपणात बायका का दगावतात याची पाहणी तेव्हा चालू होती आणि मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना तीत बोलावून घेतले होते. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि एकूणच गरीब वस्तीतल्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याची खूण विचित्र होती. लोह कमी पडले की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात; इथे पेशी थोड्या उरत, पण उरलेल्या नेहमीपेक्षा मोठ्या असत.

याचे कारण आज आपल्याला सांगता येते. पेशीला दुभंगायचे तर आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते, आणि त्या कामाला फोलेट लागते. ते नसले की पेशी वाढत राहते, पण तिची वेळेवर विभागणी होत नाही. गरोदरपणी तर आईचे रक्त, वार आणि गर्भ सगळेच एकदम वाढत असतात. मागणी फुगते आणि ताट तेच राहते.

विल्स यांना यातले काही माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी ताटच तपासले. वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात आणि कुणाला हा रोग होतो, याचा मेळ त्यांनी घातला. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा होता आणि रोगही त्यांच्यातच सर्वाधिक. मग तोच आहार उंदरांना घातला. उंदीर पांडुरके झाले, यीस्ट दिल्यावर ते टळले. पण त्यांच्या अंगावरच्या उवांमुळे होणाऱ्या संसर्गाने निष्कर्षांत घोळ केला, तेव्हा प्रयोग माकडांवर पुन्हा करावे लागले. शोधांच्या सुबक गोष्टींत असल्या उवा सहसा गाळल्या जातात.

यकृताचा अर्क या रोगावर चालत असे, पण तो महाग. विल्स यांनी मार्माइट देऊन पाहिले. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा हा काळा, खारट लेप! थोड्याच दिवसांत रोगी बायकांच्या रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. मार्माइटमधले नेमके काय गुण देते हे कुणालाच माहीत नव्हते. त्या अनामिक द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. ते कळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, हे मला फार मोठे वाटते.

नाव मिळायला १९४१ उजाडले. अमेरिकेत टेक्सासमध्ये चार टन पालकातून हे आम्ल वेगळे केले गेले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’, म्हणून फॉलिक. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनले, आणि तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. पालेभाज्या, हरभरा, चवळी, मूग यांत फोलेट भरपूर असते. पण ते पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. पालेभाजी उकडून पाणी पिळून टाकण्याची आपली रीत त्यामुळे बरीच महाग पडते.

पंडुरोगापुरतीच गोष्ट असती तर इथे संपली असती. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांना आधी मेंदू किंवा पाठीच्या कण्यात व्यंग असलेले मूल झाले होते, अशा बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा पुन्हा तसे व्यंग उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटायची असते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्याकडे लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा १८० दिवसांचा सरकारी क्रम चौथ्या महिन्यापासून सुरू होतो. तो आईच्या रक्तासाठी आवश्यकच आहे. त्याआधीच्या महिन्यांसाठी नुसत्या फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी सांगितलेली आहे. पण बाई नाव नोंदवायला दवाखान्यात पोहोचते तोवर ती नळी बहुधा मिटलेली असते, किंवा मिटायची राहून गेलेली असते. म्हणून ही गोळी दिवस गेल्याचे कळल्यावर नव्हे, तर मूल हवे असे ठरले की लगेच, डॉक्टरांना विचारून सुरू करायची असते.