ताहितीचे जेवण: भुईतली भट्टी आणि फ्रेंच पाव

दक्षिण प्रशांत महासागरातले ताहिती बेट 1842 साली फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेले आणि 1880 मध्ये राजा पाचवा पोमारे याने राज्यच त्यांच्या हवाली केले. राज्यकर्त्यांबरोबर पाव, लोणी आणि मलई आली. या बेटांवर गहू पिकत नाही, तरी लांबुडका बगेत पाव आज इतका रोजचा झाला आहे की त्याची किंमत सरकार बांधून देते.

रविवारी मात्र अहिमाआ पेटतो. खड्ड्यात लाकडे जाळून ज्वालामुखीचे काळे दगड चांगले तापवायचे. त्यांवर चेचलेले केळीचे खांब अंथरायचे, म्हणजे वाफ धरते आणि अन्न करपत नाही. मग डुकराचे पिल्लू, अळूचे कंद, तांबडी फेई केळी आणि नीरफणस रचून वरून केळीची पाने, गोणपाट, माती. त्यानंतर कित्येक तास तिकडे कोणी फिरकत नाही. हा नीरफणस म्हणजे कोकण-गोव्यात ज्याचे काप तळतात तोच. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून त्याची रोपे न्यायला कॅप्टन ब्लाय 1788 मध्ये ‘बाउंटी’ जहाज घेऊन इथे आला. परतीच्या वाटेवर खलाशांनी बंड केले आणि रोपे समुद्रात फेकली.

बेटाचा सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे इआ ओता, फ्रेंचांचा ‘पोआसाँ क्रू’. कच्च्या ट्यूनाच्या फोडी लिंबाच्या रसात घोळल्या की काही मिनिटांतच पांढुरक्या होतात. मग काकडी, टोमॅटो, कांदा आणि वरून नारळाचा दाट रस. यातले मासा आणि नारळ तेवढे जुने, बाकी सारे युरोपीय जहाजांनी आणलेले. तरीही याला परका पदार्थ म्हणणे मला पटत नाही.

व्हॅनिलाही 1848 च्या सुमारास फ्रेंच आरमारातूनच आली. ताहाआ बेटावर तिचे प्रत्येक फूल हाताने फळवावे लागते, कारण ते काम करणारी माशी इथे नाही. माही-माही माशावर ओततात त्या मलईच्या सॉसमध्ये हीच व्हॅनिला असते.

फाफारूच्या वाटेला मात्र फ्रेंच पाककला गेलेली नाही. ठेचलेली कोळंबी समुद्राच्या पाण्यात काही दिवस आंबवून ते पाणी गाळायचे आणि त्यात कच्चा मासा मुरवायचा. वास असा भयंकर की पाहुणा उठून जातो, आणि घरची माणसे त्याचा वाटाही संपवतात.