‘मी फोन केला होता’: मित्राच्या अनुभवामुळे ऑनलाइन समुपदेशनाची भीती कमी होते का?

नांदूरघाटसारख्या गावात मानसोपचार घ्यायचे तर पहिली अडचण लोकांच्या नजरेची. ‘याला काय झालं?’ ही चर्चा माणूस दवाखान्यातून घरी यायच्या आत सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या या गावातल्या विद्यार्थ्याला म्हणूनच फोनवरचं समुपदेशन सोयीचं ठरू शकतं. पण सोय असली म्हणजे विश्वास बसतोच असं नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते.

अनुभव का पटतो?

२०१५ मध्ये दीपिका पदुकोण स्वतःच्या नैराश्याबद्दल जाहीरपणे बोलली आणि या विषयावरची चर्चा घराघरांत पोहोचली. तरीही ‘तिचं ठीक आहे, आपल्याला कुठे जमणार?’ असं वाटू शकतं. तेच वर्गातल्या मुलाने ‘मी फोन केला, समोरच्यानं ऐकून घेतलं’ असं सांगितलं, तर ते जास्त जवळचं वाटतं.

मग अनुभव पुरेसा आहे का?

नाही. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ देशांतल्या ७९ अभ्यासांचा आढावा घेतला. मानसिक आजाराबद्दलचे गैरसमज कमी करण्यात प्रौढांच्या बाबतीत अनुभव घेतलेल्या व्यक्तीशी संपर्क जास्त परिणामकारक ठरला, तर किशोरवयीन मुलांच्या बाबतीत माहिती आणि शिक्षण. थोडक्यात, अनुभव ऐकून धीर येतो, पण नेमकी माहितीही हवी.

शिवाय एकाला बरं वाटलं म्हणजे सगळ्यांना तसंच वाटेल असं नाही. अॅपच्या जाहिरातीत निवडक चांगलेच अनुभव असू शकतात. त्यामुळे समोर बोलणाऱ्याचं शिक्षण काय, पैसे किती आणि माहिती कुठे जाते, हे विचारायलाच हवं.

सरकारी सेवा कोणती?

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा मोफत आहे आणि २४ तास चालते. १४४१६ वर फोन करून मराठी भाषा निवडता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञांशी जोडून देतात. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बंधनकारक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हेल्पलाइनचे नंबर शिक्षण संस्थांमध्ये ठळकपणे लावायला सांगितले आहे. त्या नंबरखाली ‘फोन केल्यावर नेमकं काय होतं’ हेही लिहिलं, तर पहिला फोन करणं थोडं सोपं होईल.